शेवटी ज्याला समजेल त्यानं सांगायचं

चंद्रपूरहून निघताना अब्बांनी शिलाई मशीनचं डोकं मांडीवर घेतलं ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. बसमध्ये तसंच, आणि भामरागडला बस संपल्यावर पुढं बैलगाडीतही तसंच. मी बारा वर्षांची होते आणि मला त्या मशीनचा मनापासून राग आला होता, कारण इतकं जपून मला कोणी कधी कुठं नेलं नव्हतं. नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या एका गावात, जिथं शिंपी नव्हता, आम्हाला राहायला घर मिळालं होतं. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढं पडवी. पडवीत अब्बांनी मशीन मांडली आणि दुसऱ्या दिवसापासून जंगलखात्याच्या गार्डांचे खाकी सदरे, बायांची पोलकी, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या असं जे येईल ते शिवायला बसले. अब्बांना कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि काम मिळालं की ते सुखात असत.

त्या घरातले आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे गुरं बाहेर पडत, त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा कोरडा टकटक आवाज रस्ताभर जाई. तो विरतो न विरतो तोच अब्बांच्या मशीनची घरघर सुरू होई. संध्याकाळी गोटुलात, म्हणजे गावच्या तरुण पोरापोरींच्या जमायच्या जागी, ढोल वाजू लागत आणि अम्मी म्हणे, ‘‘आता कंदील लाव.’’ घड्याळ आमच्याकडे होतं, पण ते चंद्रपूरलाच बंद पडलेलं होतं आणि त्याची अडचण कोणालाच झाली नाही.

अम्मीचं मन रमायला मात्र वेळ लागला. गहू मिळत नव्हता, म्हणून चपाती आठवड्यातून एकदा, तीही अब्बा बाजारातून पीठ घेऊन आले तर. पावसाळ्यात शेजारणीनं वास्ते आणून दिले, बांबूचे कोवळे कोंब, तेव्हा अम्मीनं नाक मुरडलं. मग एकदा कापून, उकळून, पाणी फेकून, सुकटीबरोबर परतून पाहिले. त्यानंतर पाऊस थांबेपर्यंत आम्ही जवळजवळ तेच खाल्लं. आणि ईदच्या शिरखुर्म्यात घालायची चारोळी! चंद्रपूरला ती पुडीत चिमूटभर यायची आणि अम्मी मोजून टाकायची. इथं शाळेतल्या पोरींनी चारबिया, म्हणजे कवचातली चारोळी, टोपलीभर आणून ओतल्या, दगडानं फोडून दिल्या, आणि अम्मीनं त्या वर्षी शिरखुर्म्यात शेवयांपेक्षा चारोळीच जास्त घातली. आजही माझी सून शिरखुर्मा करते तेव्हा मी पातेल्यात डोकावून ‘‘चारोळी कुठे आहे?’’ म्हणते, आणि ती मला स्वयंपाकघरातून बाहेर काढते.

आता शाळेचं. चंद्रपूरला मी परकोटाच्या आतल्या शाळेत होते. तिथं घंटा होती, रांग होती, हाताची घडी होती. पाठांतराच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला म्हणून मला इंग्रजी वाक्प्रचारांचं एक छोटं पुस्तक बक्षीस मिळालेलं होतं. पुस्तकात वाक्प्रचार, त्याचा मराठी अर्थ आणि एक नमुन्याचं वाक्य, एवढंच असे. मी ते सगळं तोंडपाठ केलं होतं आणि त्याचा मला भयंकर तोरा होता. मी ज्या शाळेत जाणार तिथल्या पोरांना माझ्याकडे बघून काय वाटेल याचा विचार मी बैलगाडीत बसूनच करून ठेवला होता.

पोरांना काहीच वाटलं नाही. शाळा सातवीपर्यंतची, खोल्या दोन, गुरुजी एक. गुरनुले गुरुजी मूळचे नागभीडचे, धानाच्या बांधावर वाढलेले, अंगानं काटक, आणि सात-आठ वर्षं त्याच गावात राहून माडिया बोली घडाघडा बोलणारे. त्यांच्या शाळेत रांग नव्हती. कोणी लहान भावंड कडेवर घेऊन येई, कोणी मधेच उठून आपली गाय कोणाच्या शेतात शिरली ते बघून परत येई. मोहफुलांच्या दिवसांत पोरं पहाटेपासून झाडाखाली वेचत आणि दुपारी शाळेत येऊन भिंतीशी डुलक्या काढत, आणि गुरुजी त्यांना उठवत नसत. म्हणत, ‘‘झोपू दे. झोपेतबी कानावर पडते थोडंसं.’’

पण मला सर्वात जास्त खटकायचा तो गोल. गुरुजी प्रश्न विचारत आणि खडू खाली ठेवून बसत. मग सगळी पोरं गोल करून बसत, सगळी एकदम बोलत, भांडत, जमिनीवर रेघोट्या ओढत. उत्तर ज्याला आधी येई त्यानं ते ओरडून सांगायचं नसे. त्यानं ते बाकीच्यांना पटवायचं. एक जरी म्हणाला, मला कळलं नाही, तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यांना पटलं की उभं राहून गुरुजींना उत्तर सांगायचा मान, ज्याला सर्वात शेवटी समजलं त्याचा. गुरुजींनी ही रीत गावाच्या बैठकीवरून उचलली होती. गावात काही ठरवायचं असलं की सगळे बसत आणि एकाचंही मन मागं राहिलं तर बैठक उठत नसे, मग दोन दिवस लागोत. गुरुजी म्हणत, ‘‘पोरायले हेच येते, तर मी यायले दुसरं काऊन शिकवू?’’

मला सगळ्याची उत्तरं सर्वात आधी येत. म्हणजे त्या शाळेत उभं राहायचा मान मला कधीच मिळत नसे. पहिल्या नंबराची मुलगी मी, आणि माझ्याऐवजी दुसरीतला नाक पुसणारा पोरगा उभा राहून उत्तर सांगतो आहे, हे मला सहन होईना.

दिवाळीनंतर मी मामूला पत्र लिहिलं. मामू चंद्रपूरला शिक्षणखात्याच्या कचेरीत चपराशी होते आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मला त्यांच्याकडे राहून जुन्या शाळेत जायचं होतं. अब्बांना विचारलं असतं तर ते ‘‘पुढल्या वर्षी बघू’’ म्हणाले असते, म्हणून मी त्यांना न सांगताच पत्र टाकलं. त्यात लिहिलं, की इथं माझं नुकसान होत आहे, इथली शाळा शाळा नाही, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आहे. ते शब्द मी पुस्तकातून बघून इंग्रजीत लिहिले आणि त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या.

मी पुढं एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून त्या वाक्प्रचाराबद्दल इथं सांगून टाकते. पुस्तकातला अर्थ बरोबरच होता: बेशिस्त शाळा, जिथं विद्यार्थी शिक्षकाला जुमानत नाहीत. पण अर्थ कळला म्हणजे वापर कळत नाही. तो शब्द मोठ्या शहरांतल्या शाळांसाठी निघाला, जिथं मिसरूड फुटलेली पोरं दमदाटी करतात, बाकं मोडतात, आणि मास्तर वर्गात पाऊल टाकायला घाबरतो. पाटी घेऊन येणाऱ्या चिमुरड्यांबद्दल तो कोणी वापरत नाही. आणि वापरणारा बहुतेक वेळा शाळेच्या बाहेरचा असतो. वर्तमानपत्रवाला म्हणतो, पुढारी म्हणतो, चिडलेला बाप म्हणतो. शाळेच्या आत बसलेलं पोर आपल्या शाळेला असं म्हणत नाही. मी आत बसून म्हटलं, म्हणजे माझ्या लेखी मी अजून बाहेरच होते. हे त्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मामूंना पत्रातलं बाकी काही दिसलं नाही, भाचीचं इंग्रजी तेवढं दिसलं. त्यांनी ते कौतुकानं कचेरीतल्या साहेबांना दाखवलं. मग हिवाळ्यात नाल्यांचं पाणी उतरल्यावर एक जीप गावात आली आणि थेट शाळेपुढं थांबली.

साहेब पुण्याकडचे होते, वयानं फार नसावेत. वाटेत जीप नाल्याच्या पाण्यात रुतली होती, त्यामुळे त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांनी दारातूनच आत पाहिलं. चौथीची पोरं पालथी पडून लिहीत होती, कोणाची तरी शेळी खिडकीतून डोकावत होती, आणि लालसू नावाचा पाचवीतला पोरगा गायीला हाकलून दुसऱ्या खिडकीतून आत येत होता. साहेबांनी त्यालाच धरलं.

‘‘एक माणूस एक शेत आठ दिवसांत कापतो. तर चार माणसं किती दिवसांत कापतील? तू सांग.’’

लालसूनं मान डोलावली, वळला आणि जाऊन पोरांच्या मधे बसला. गोल झाला. साहेब म्हणाले, ‘‘अरे, मी तुला विचारलं.’’ कोणी ऐकलं नाही. पोरं माडियात बोलू लागली, आवाज वाढत गेला.

‘‘गुरुजी, ही काय पद्धत आहे? सरळ सरळ एकमेकांचं बघून सांगतात.’’

‘‘साहेब, इथी एकाले विचारलं तरी सगळे मिळूनच सांगतेत,’’ गुरुजी उभ्यानंच म्हणाले. ‘‘जरा वेळ लागते, पण सांगतेत.’’

बराच वेळ लागला. मला उत्तर केव्हाच आलं होतं, दोन दिवस, आणि मी साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं ते दोनदा म्हणूनही पाहिलं. पण सोमरीनं हरकत काढली. सोमरी माझ्याच वयाची, सहावीत, कपाळावर गोंदलेली, आणि बोलायला लागली की समोरच्यानं गप्प बसावं अशी. ती म्हणाली, चार माणसं कापायला आली तर त्यांना रांधून घालायला नको का? मग एक जण चुलीशी बसणार, कापायला उरले तीन. सगळ्यांना हे पटलं. पुन्हा पहिल्यापासून हिशेब झाला, जमिनीवर दिवसांचे तुकडे पाडले गेले, आणि शेवटी लालसूच उभा राहिला, कारण शेवटी त्यालाच कळलं होतं.

‘‘पुरे दोन दिवस, अन् तिसऱ्या दिवशी दुपार कलली का झालं,’’ तो म्हणाला. ‘‘एक जण रांधते.’’

‘‘चूक,’’ साहेब म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मी तो कागद ओळखला. माझ्या दोन रेघा मला बसल्या जागेवरून दिसल्या.

‘‘गुरुजी, या शाळेबद्दल एक पत्र आलंय. कोणी लिहिलंय ते मी सांगणार नाही. पण तुमच्याच शाळेतल्या कोणीतरी लिहिलंय. ब्लॅकबोर्ड जंगल म्हणजे काय, माहिती आहे?’’

‘‘नाई, साहेब.’’

‘‘जिथं मुलं शिक्षकाला विचारत नाहीत अशी शाळा. आणि आज मी ते डोळ्यांनी बघतोय. मला शेरा लिहावा लागेल. अशी शाळा चालवण्यात अर्थ नाही. मोठ्या मुलांना आश्रमशाळेत पाठवू, तुमचीही दुसरीकडे सोय होईल.’’

आश्रमशाळा तिथून दिवसभराच्या वाटेवर होती. लालसू गेला असता कदाचित. सोमरीला तिच्या घरचे पाठवणार नव्हते, हे मलाही ठाऊक होतं. आख्ख्या गावात इंग्रजी पुस्तक माझ्या एकटीकडेच होतं, पण गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. मी खाली मान घालून पाटीच्या चौकटीवर नख घासत बसले. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही मनात एक हिशेब चालू होता, की शाळा बंद झाली तर अब्बांना मला चंद्रपूरला पाठवावंच लागेल.

साहेब टेबलाशी बसले, शेरेबुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सोमरी माझ्याकडे वळली.

‘‘तो काय शब्द हाय? तुले येते. सांग.’’

गोल मोडलेला नव्हताच. तो तसाच माझ्याभोवती सरकला. मी सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं माझ्या मोडक्या माडियात: जिथं पोरं गुरुजींचं ऐकत नाहीत, आपसात मारामाऱ्या करतात, आणि गुरुजी पोरांना घाबरतात, अशी शाळा. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी ते शेतकापणीच्या गणितासारखंच हातात घेतलं. लालसू म्हणाला, मी काल ऐकलं नाही, गुरुजी नको म्हणत असताना नदीवर गेलो. म्हणजे तेवढं खरं आहे. मारामारी? दोनदा झाली, पण त्यातली एक होळीतली, ती मोजायची का? यावर थोडा वाद झाला. गुरुजी घाबरतात का? दुसरीतला एक जण म्हणाला, घाबरतात, सापाला. पोरं हसली, आणि मग ठरलं की साप पोरांत धरता येत नाही.

‘‘मग ज्यानं लिवलं त्यानं काऊन लिवलं?’’ सोमरीनं विचारलं. तिनं मराठीत विचारलं, म्हणजे मलाच विचारलं. मग तिनंच उत्तर दिलं, रागानं नव्हे, गणित सोडवल्यासारखं. ‘‘त्याले इथून जाचं असन. घरी सांगता आलं नसन.’’

एकेकाला विचारत ती फिरली. तुला पटलं? पटलं. तुला? पटलं. शेवटी माझ्यापाशी येऊन थांबली. ‘‘तुले?’’

मला रडू आलं. मी म्हटलं, पटलं. आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले, वाट बघत. कोणी मला ढकललं नाही, कोणी बोट दाखवलं नाही. सर्वात शेवटी मला समजलं होतं, तेव्हा उभं राहायचं मीच, एवढाच त्यांच्या बघण्याचा अर्थ होता. सहा महिने ज्या मानासाठी मी जळत होते तो असा माझ्या वाट्याला आला.

मी उभी राहिले.

‘‘साहेब, ते पत्र मी लिहिलं. मामूला लिहिलं होतं. ते खोटं आहे. म्हणजे थोडं खरं आहे, दोनदा मारामारी झाली. पण गुरुजी कोणाला घाबरत नाहीत आणि पोरं त्यांचं ऐकतात. मला चंद्रपूरला जायचं होतं म्हणून मी लिहिलं.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘मग आता? ही शाळा चांगली आहे असं म्हणत असशील तर तुला चंद्रपूरला न्यायचं काही कारण उरत नाही. तुझ्या मामांना मी तसं सांगेन. विचार करून बोल.’’

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, चंद्रपूरची घंटा, रांग, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. ‘‘शाळा चांगली आहे,’’ मी म्हटलं, आणि खाली बसून ओढणीत तोंड घालून मनसोक्त रडले.

त्यानंतर बराच वेळ साहेब शेरेबुकाच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी मांडत होते. जीप गेल्यावर आम्ही सगळ्यांनी जाऊन पाहिलं. कडेला आठ भागिले तीन असं लिहिलेलं होतं. खाली शेरा होता: ‘शिस्त सुधारावी. गणित चांगले.’ गुरुजींनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘‘शेळी कोणाची होय रे? बांधून ये आधी.’’ माझ्याशी त्या पत्राबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत.

घरी मात्र बोलणं झालं. जीपच्या ड्रायव्हरनं सदऱ्याची बटणं लावून घेता घेता अब्बांना सगळं सांगितलं होतं. मी पडवीत शिरले तशी मशीन थांबली. अब्बा घरात अम्मीशी हिंदीत बोलत, पण माझ्याशी चंद्रपूरच्या बोलीत.

‘‘तुले जाचं होतं त मले काऊन नाई सांगतलं?’’

‘‘तुम्ही पुढल्या वर्षी म्हणाले असते.’’

‘‘हो, म्हटलं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू मामूले लिवलं. मी इथीच बसून राह्यलो दिवसभर, तुह्यासमोर.’’ एवढं बोलून त्यांनी पुन्हा पायडलवर पाय ठेवला, पण मशीन चालवली नाही. मला माराची सवय नव्हती, पण त्या दिवशी मार परवडला असता. अम्मीनं मला आत घेतलं, जेवायला वाढलं आणि म्हणाली, त्यांना दोन दिवस दे. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी उरलेल्या खाकी कापडाची पुस्तकांची पिशवी शिवली आणि न बोलता माझ्या उशाशी ठेवली.

मी त्या शाळेत सातवीपर्यंत राहिले. पुढचं दीड वर्ष माझ्या आयुष्यातला चांगला काळ होता असं मी आज निवांतपणे म्हणू शकते. मी माडिया शिकले, सोमरीनं मला नदीत पोहायला शिकवलं. गोलात उत्तर आधी आलं तरी थांबायला शिकले, आणि ते इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड होतं. मी शिक्षिका झाल्यावर माझ्या वर्गातल्या मुली मला विचारत, बाई, तुम्ही उत्तर सांगून मोकळ्या का होत नाही? मी म्हणे, ती मागच्या बाकावरची अजून म्हणाली नाही, पटलं.

सातवी झाल्यावर अब्बा स्वतः मला चंद्रपूरला घेऊन आले. हायस्कूलच्या कारकुनापुढं आम्ही दोघं उभे राहिलो आणि अब्बांनी गुरुजींनी दिलेला दाखला घडी उलगडून टेबलावर ठेवला. दाखल्यावर वर्तणूक म्हणून एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ लिहितात. सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच असतं, कोणी ते वाचतही नाही. कारकून मात्र तिथं अडखळला. त्यानं चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाखल्याकडे पाहिलं.

‘‘हे काय लिहिलंय? इथं एकच शब्द लिहायचा असतो.’’

अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मला कळलं, त्यांना ते पत्र आठवलं होतं.

‘‘काही खराब लिवलं हाय का, साहेब?’’ त्यांनी हळूच विचारलं.

कारकुनानं रकान्यावर बोट ठेवून वाचलं, ‘‘वर्तणूक: चूक झाली तर सगळ्यांसमोर उभी राहून सांगते.’’

अब्बांनी टेबलावर वाकून त्या रकान्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘साहेब, अजून एक बार वाचा.’’